ग्रिसवोल्डची सहल आणि मसूरची बैलगाडी

फसलेल्या प्रवासाचा विनोद कुणाच्या बाबतीत होतो आणि कुणाच्या बाबतीत त्याच प्रवासाची पोलीस डायरी होते? हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पण आज तो मी एका अमेरिकन विनोदी सिनेमाला विचारणार आहे. ‘नॅशनल लॅम्पून्स व्हेकेशन’, साल १९८३. दिग्दर्शक हॅरॉल्ड रेमिस, लेखक जॉन ह्यूज, मुख्य भूमिकेत चेव्ही चेस. कौटुंबिक सहलीची वाट लागते, या प्रकारच्या सिनेमांचा हा आजोबा. विनोदी सिनेमांच्या याद्या निघतात तेव्हा त्याचं नाव हमखास असतं. आपल्यातली इंग्रजी सिनेमे बघणारी पोरंही तो बघतात आणि पोट धरून हसतात. हसावंच, सिनेमा खरोखर विनोदी आहे. फक्त हसून झाल्यावर थोडा हिशेब मांडायला हरकत नसावी.

गोष्ट साधी आहे. क्लार्क ग्रिसवोल्ड हा शिकागोजवळच्या उपनगरात राहणारा मध्यमवर्गीय गोरा बाप. त्याला बायको आणि दोन मुलांना घेऊन लॉस एंजेलिसच्या ‘वॉली वर्ल्ड’ या करमणूक उद्यानात जायचंय. विमानाने नाही, गाडीने. का, तर वाटेत कुटुंब एकत्र येईल, देश बघून होईल. डीलर त्याच्या गळ्यात एक बेढब हिरवी स्टेशन वॅगन मारतो आणि तिथून एकेक संकट सुरू होतं. कॅन्ससमध्ये एडी नावाचा गरीब नातेवाईक पैसे मागतो आणि वर एडना मावशी व तिचं कुत्रं गाडीत कोंबतो. कुत्रं बंपरला बांधलेलं राहतं आणि फरफटत मरतं. पुढे मावशीही प्रवासातच मरते, तर तिचं प्रेत गाडीच्या टपावर बांधून नेतात आणि भर पावसात तिच्या मुलाच्या दारात ठेवून येतात. गाडी वाळवंटात आदळते. पैसे संपतात. ग्रँड कॅन्यनच्या हॉटेलात चेक वटत नाही, तेव्हा क्लार्क गल्ल्यातले पैसे उचलतो आणि जगातली ती अजस्र दरी जेमतेम दोन-तीन सेकंद बघून पळ काढतो. शेवटी वॉली वर्ल्डच्या दारात पोचतात, तर उद्यान दुरुस्तीसाठी दोन आठवडे बंद.

ह्यूज आणि रेमिस यांनी इथे अमेरिकन मध्यमवर्गाची चांगलीच उतरवली आहे, हे मान्य करायला हवं. सुखी कुटुंब विकत घेता येतं, ते गाडीत भरून नेता येतं, हा जो जाहिरातींनी पोसलेला समज आहे, त्याच्या चिंध्या होतात. बापाचा अहंकार, त्याचा हट्ट, लाल फेरारीतल्या बाईकडे बघून त्याचं पाघळणं, सगळं उघडं पडतं. सत्ता असलेल्याने स्वतःवर हसणं ही तशी वाईट गोष्ट नाही. आपल्याकडच्या सवर्ण मध्यमवर्गीय विनोदाला तेवढंही अजून नीटसं जमलेलं नाही.

पण याच सिनेमात सेंट लुईसचा प्रसंग आहे. मिसिसिपी नदीकाठचं हे शहर. ग्रिसवोल्डची गाडी वाट चुकून हायवेवरून खाली उतरते आणि कृष्णवर्णीयांच्या वस्तीत शिरते. लगेच संगीत बदलतं, रात्र होते, मोडक्या इमारती दिसतात, गोळ्यांचे आवाज येतात. बाप मुलांना म्हणतो, बघा ही दुर्दशा, म्हणजे आपल्याकडे जे आहे त्याची किंमत कळेल. आणि पाठोपाठ काचा वर करायचा हुकूम. मग तो पैसे देऊन एका माणसाला रस्ता विचारतो, आणि तेवढ्या वेळात दुसरी पोरं गाडीच्या व्हीलकॅप काढून नेतात. गाडीवर रंगाने गोऱ्यांना उद्देशून शिवी लिहिलेली असते. प्रसंग संपतो. गाडी हायवेवर लागते. ती वस्ती पुन्हा सिनेमात येत नाही.

आता कुणी म्हणेल, या सिनेमात सगळेच क्लार्कला लुटतात, काळ्यांनी लुटलं तर काय बिघडलं? तर हा युक्तिवाद जरा तपासू. वाळवंटात गाडी मोडते तेव्हा एक गोरा गॅरेजवाला क्लार्कच्या खिशातली शेवटची दमडीही काढून घेतो. क्लार्क चिडून विचारतो, तुमच्या शेरीफला हा धंदा माहीत आहे का? गॅरेजवाला खिशातून बिल्ला काढून दाखवतो, तोच शेरीफ आहे. जबरदस्त विनोद आहे हा. लुटणारा आणि कायदा एकच. पण तिथे लुटारू हा एक माणूस आहे. त्याला चेहरा आहे, धंदा आहे, बिल्ला आहे. त्याच्यामुळे वाळवंटातले सगळे गोरे चोर ठरत नाहीत. सेंट लुईसमध्ये मात्र अख्खी वस्ती चोर आहे. गरीब एडीचीही सिनेमा टर उडवतो, पण त्याला नाव आहे, घर आहे, बायकापोरं आहेत, आणि प्रेक्षकांना तो इतका आवडला की १९८९ च्या नाताळवाल्या भागात त्याला परत आणलं. सेंट लुईसच्या रस्त्यावरच्या माणसांना नावं नाहीत. त्यांचं काम एवढंच, की गाडीतल्यांना घाबरवायचं.

तर या वस्तीबद्दल सिनेमा जे सांगत नाही ते थोडं आपण सांगू. नदीच्या पलीकडच्या काठावर ईस्ट सेंट लुईस आहे. तिथे जुलै १९१७ मध्ये गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीय कामगारांच्या वस्त्या जाळल्या, माणसं मारली. सरकारी आकडाच ३९ कृष्णवर्णीयांचा आहे, प्रत्यक्षात तो कितीतरी मोठा असल्याचं इतिहासकार सांगतात. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरून हजारो कृष्णवर्णीयांनी तोंडातून एक शब्द न काढता मोर्चा काढला, त्यामागे हेच हत्याकांड होतं. खुद्द सेंट लुईसमध्ये घरांच्या खरेदीखतातच अट असायची, हे घर कृष्णवर्णीयाला विकायचं नाही. त्याविरुद्धचा ‘शेली विरुद्ध क्रेमर’ हा खटला याच शहरातून सुप्रीम कोर्टात गेला आणि १९४८ साली कोर्टाने सांगितलं की असल्या अटी न्यायालयं अमलात आणणार नाहीत. मग १९५९ पासून मिल क्रीक व्हॅली नावाची वस्ती ‘झोपडपट्टी निर्मूलन’ म्हणून पाडली गेली. तिथे सुमारे २०,००० लोक राहत होते, बहुतेक सगळे कृष्णवर्णीय. त्यांच्या घरांच्या, दुकानांच्या, चर्चच्या जागेवरून हायवे गेला. १९५६ च्या हायवे कायद्यानंतर अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत हेच घडलं. रस्ता कुठून न्यायचा असा प्रश्न आला की नकाशावरची रेघ काळ्या वस्तीवरून ओढायची. विकासाच्या नावाने कुणाच्या वस्तीवर आधी बुलडोझर येतो, हे मुंबई-पुण्याच्या झोपडपट्टीत वाढलेल्या वाचकाला मी काय सांगणार!

म्हणजे ज्या हायवेवरून ग्रिसवोल्ड कुटुंब वाट चुकतं, तसे हायवे ज्यांच्या घरांवरून गेले त्यांना हा सिनेमा चोर म्हणून दाखवतो, आणि बाप गाडीतून उतरायच्या आधी मुलांना दुर्दशेचं कौतुक शिकवतो.

याच्या आणखी मागे जाऊ. सिनेमाचं मूळ आहे ह्यूजची ‘व्हेकेशन ५८’ ही कथा. ती १९७९ साली ‘नॅशनल लॅम्पून’ या विनोदी मासिकात आली. काळ नावातच आहे, १९५८. मिशिगन राज्यातलं एक कुटुंब गाडीने कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडला निघतं, तेही बंद असतं, आणि बाप चिडून खुद्द वॉल्ट डिस्नेच्या पायात गोळी घालतो. ह्यूजचं बालपण गेलं डेट्रॉइटलगतच्या ग्रोस पॉइंटमध्ये. हे गाव एका गोष्टीसाठी कुप्रसिद्ध आहे. तिथे घर घ्यायचं तर दलाल मंडळी गुपचूप चौकशी करून ग्राहकाला गुण द्यायची. रंग किती सावळा, उच्चार कसे, राहणी किती ‘अमेरिकन’. ज्यूंना आणि दक्षिण युरोपातून आलेल्यांना जास्त गुण मिळवावे लागत. कृष्णवर्णीय आणि आशियाई यांना परीक्षेलाच बसायची सोय नव्हती. हा प्रकार १९६० साली चव्हाट्यावर आला.

आता १९५८ साली कृष्णवर्णीय कुटुंबाने हीच सहल काढली असती तर? त्यांना गाडीत नकाशाबरोबर आणखी एक पुस्तक ठेवावं लागलं असतं. न्यूयॉर्कच्या हार्लेममधला पोस्टमन व्हिक्टर ह्यूगो ग्रीन याने १९३६ पासून ‘ग्रीन बुक’ काढलं. कोणत्या गावात कृष्णवर्णीयाला झोपायला खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, कुठे पेट्रोल आणि संडास मिळेल, याची ती यादी. एसो कंपनीच्या पंपांवर ते पुस्तक मिळायचं. अमेरिकेत अशी शेकडो गावं होती जिथे सूर्य मावळल्यावर कृष्णवर्णीय माणूस दिसता कामा नये असा नियम होता. त्यांना ‘सनडाउन टाउन’ म्हणत. ही गावं फक्त दक्षिणेत होती असं समजू नका. जेम्स लोवेन या अभ्यासकाने त्यांच्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यात ग्रिसवोल्डचं राज्य इलिनॉय भरपूर आहे. लोक घरून डबे बांधून निघत, पाण्याचे थर्मास घेत, पोरांसाठी डबडं ठेवत, आणि रात्रभर न थांबता गाडी चालवत. ग्रीनने स्वतः लिहून ठेवलं होतं की एक दिवस या पुस्तकाची गरज उरणार नाही आणि आम्ही ते बंद करू. १९६४ चा नागरी हक्क कायदा आला, हॉटेल-मोटेलांना रंग बघून माणूस नाकारायची मुभा कायद्याने संपली, आणि १९६० च्या दशकातच पुस्तक थांबलं. ग्रीन त्याआधीच वारला होता.

आणि बंद उद्यानाचं काय? एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून मार्टिन लूथर किंग यांनी जे पत्र लिहिलं, त्यात थांबा म्हणणाऱ्या गोऱ्या पाद्र्यांना ते आमचा धीर का संपला हे सांगतात. त्यात त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीची गोष्ट आहे. तिने टीव्हीवर ‘फनटाउन’ या उद्यानाची जाहिरात बघितली आणि बापाला विचारलं, आपण का जाऊ शकत नाही? फनटाउन काळ्या मुलांसाठी बंद होतं. तिच्या डोळ्यात आलेलं पाणी बापाने पत्रात लिहिलं. प्रवासात एकही मोटेल घेत नाही म्हणून रात्रीमागून रात्र गाडीच्या कोपऱ्यात अवघडून झोपावं लागतं, हेही त्याच पत्रात आहे. वॉली वर्ल्ड दुरुस्तीसाठी बंद होतं, दोन आठवड्यांनी उघडणार होतं. फनटाउनला दुरुस्तीची गरज आहे असं त्याच्या मालकाला वाटतच नव्हतं.

सिनेमाचा शेवट तर मला या सगळ्याहून बोलका वाटतो. उद्यान बंद बघून क्लार्कचं डोकं फिरतं. तो खऱ्या पिस्तुलासारखी दिसणारी छर्ऱ्यांची बंदूक विकत घेतो, पहारेकऱ्याला धाक दाखवतो आणि सगळ्या पाळण्यांत बसायला लावतो. जॉन कॅंडीने हा पहारेकरी फार गोड केला आहे. हत्यारबंद पोलिसांची तुकडी येते. मालक येतो. क्लार्क त्याला बापाचं दुःख सांगतो, मालक विरघळतो, तक्रार मागे घेतो आणि सगळे मिळून पाळण्यात बसतात. वाटेत गल्ल्यातून पैसे उचलले, कुत्रं मेलं, प्रेत दारात टाकलं, शेवटी ओलीस धरलं. या सगळ्यांची गोळाबेरीज काय, तर हसू.

२२ नोव्हेंबर २०१४. क्लीव्हलँड शहरातल्या एका बागेत तामिर राइस हा बारा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा खेळण्यातलं पिस्तूल घेऊन खेळत होता. पोलीस गाडी आली आणि दोनेक सेकंदात त्याच्यावर गोळी झाडली गेली. दुसऱ्या दिवशी तो मेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, त्याच ओहायो राज्यात, जॉन क्रॉफर्ड हा बावीस वर्षांचा तरुण वॉलमार्टमध्ये विक्रीला ठेवलेली छर्ऱ्यांची बंदूक हातात घेऊन फोनवर बोलत फिरत होता. त्यालाही पोलिसांनी तिथेच मारलं. दोन्ही प्रकरणांत ग्रँड ज्युरीने पोलिसांवर खटला चालवायला नकार दिला. तीच छर्ऱ्यांची बंदूक. क्लार्ककडे पोलिसांनी आधी त्याचं म्हणणं ऐकून घेण्याइतका वेळ होता. सिनेमातला क्लार्क कृष्णवर्णीय केला, तर ही पटकथा शेवटच्या पाळण्यापर्यंत पोचतच नाही.

इथे आपल्यातलेच काही जण कपाळाला हात लावतील. प्रत्येक ठिकाणी जात आणि रंग काढायचा का? विनोद विनोदासारखा घ्यावा की नाही? मी कुठे म्हणतो सिनेमावर बंदी घाला. माझं म्हणणं असं की विनोदालाही भांडवल लागतं. फजितीवर हसता यायला आधी खात्री असावी लागते की या फजितीचा शेवट घरी परतण्यात आहे. हॉटेलवाला खोली देणार, पोलीस दरडावून सोडून देणार, चूक झाली तरी आपण ‘चांगल्या घरातले’ राहणार. ही खात्री म्हणजे क्लार्कच्या गाडीतलं खरं इंधन आहे, आणि ते सगळ्यांच्या टाकीत सारखं भरलेलं नसतं.

हे आपल्याला अमेरिकेकडून शिकायची गरज नाही. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ लिहिलं ते मुद्दाम परदेशी वाचकांना अस्पृश्यता म्हणजे काय ते कळावं म्हणून. आणि त्यासाठी त्यांनी निवडले ते प्रवासाचे प्रसंग! त्यातला पहिला प्रसंग पुन्हा एकदा, पण या सिनेमाच्या शेजारी ठेवून वाचा. साल १९०१. बाबासाहेब, त्यांचे थोरले भाऊ आणि बहिणीची दोन मुलं साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाली. उन्हाळ्याची सुट्टी. विलायती कापडाचे नवे शर्ट, चमचमत्या टोप्या, नवे बूट, रेशमी काठाची धोतरं. मसूर स्टेशनावर उतरले तर न्यायला कुणीच नाही, कारण वडिलांच्या नोकराने पत्र द्यायचं विसरून गेलं होतं. बघा, विनोदी सिनेमाचा सगळा मालमसाला हजर आहे. नटलेली उत्साही पोरं, विसराळू नोकर, अनोळखी स्टेशन. ह्यूजच्या हातात ही सुरुवात पडती तर दीड तास लोक हसत बसले असते.

मग स्टेशनमास्तर विचारतो, तुम्ही कोण? पोरगा सांगून टाकतो, महार. आणि तिथून ती सहल राहत नाही. भाड्याच्या गाड्या उभ्या आहेत, कुणी बसवून घेत नाही. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार होतो, तेही पोरांनी गाडी स्वतः हाकायची आणि तो बाजूने चालणार या अटीवर. डब्यात जेवण आहे, प्यायला पाणी नाही. जकात नाक्यावर लहानगा भीमराव मुसलमान असल्याचं सांगून उर्दूत पाणी मागतो, तरी मिळत नाही. रात्र तशीच जाते.

पुढचे प्रसंगही असेच. नाव बदलून हॉटेलात राहणं हा तर फार्सचा जुना हुकमी मसाला, आपल्या व्यावसायिक नाटकांनी त्यावर वर्षानुवर्षं हाउसफुल्लचे बोर्ड लावले. बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला पारशाच्या मुसाफिरखान्यात पारशी नाव घेऊन राहिले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस. न्यूयॉर्कमध्ये राहायला नाव बदलावं लागलं नव्हतं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले. टांग्यातून पडणं हाही मूकपटापासूनचा हुकमी विनोद. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाले महाराला बसवेनात, म्हणून वस्तीतल्या लोकांनी टांगा तेवढा भाड्याने घेतला आणि कधी टांगा न चालवलेला आपलाच एक माणूस पुढे बसवला. पुलावर बाबासाहेब बाहेर फेकले गेले, पाय मोडला. एवढं सगळं त्यांनी शांतपणे, एकही शब्द न चढवता लिहिलं. आणि या पुस्तिकेच्या नावातच ‘व्हिसा’ आहे, स्वतःच्या जिल्ह्यात फिरायला!

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी हा हसण्याचा हक्क सोडून दिला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. ख्रिस्टोफर पॉल कर्टिस यांची १९९५ ची मुलांची कादंबरी आहे, ‘द वॉटसन्स गो टू बर्मिंगहॅम’. मिशिगनमधलंच कुटुंब, ह्यूजच्या कथेसारखं. गाडीने निघतात, पण दक्षिणेकडे, १९६३ साली. आईने वहीत मुक्कामांचा बारकाईने हिशेब मांडलाय. कादंबरी अर्धीअधिक खदाखदा हसवते, थोरल्या भावाच्या करामती तर विचारू नका. आणि बर्मिंगहॅमला पोचल्यावर सोळाव्या रस्त्यावरच्या चर्चमधला तो बॉम्बस्फोट येतो, ज्यात चार मुली मेल्या. हसू आणि बॉम्ब एकाच पुस्तकात, कारण लेखकाच्या लोकांचं आयुष्यच तसं होतं. मग २००४ साली ‘जॉन्सन फॅमिली व्हेकेशन’ हा सिनेमा आला. सेड्रिक द एंटरटेनर हा विनोदवीर बाप, कृष्णवर्णीय कुटुंब, कॅलिफोर्नियातून गाडीने निघतं आणि जातं कुठे, तर मिझुरीला, नातेवाइकांच्या मेळाव्याला. सेंट लुईस ज्या राज्यात आहे तेच मिझुरी. ग्रिसवोल्ड जिथे काचा वर करून पळाला, त्या राज्यात यांचं घरचं कार्य आहे, आजी आहे, पंगत आहे. समीक्षकांनी सिनेमाला झोडपलं, आणि सिनेमा म्हणून तो खरंच बेताचा आहे. पण बेताचा, फालतू, नुसता करमणुकीचा सिनेमा काढायची मुभा हीसुद्धा कुणीतरी मिळवावी लागते.

आपल्याकडे काय आहे? दलित माणूस पडद्यावर आला की तो मार खाताना येतो, नाहीतर भाषण करताना. आणि प्रत्यक्षात बघा, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीला निघालेलं एखादं कुटुंब. गच्च भरलेली गाडी, दोन दिवसांच्या भाकरी-चटणीचं गाठोडं, दादरच्या गर्दीत हरवलेला मामा, पुस्तकांच्या स्टॉलवर सगळे पैसे संपवून बसलेला काका आणि त्याला झापणारी काकू, परतीच्या गाडीत चुकीच्या डब्यात चढलेली पोरं. प्रत्येक घरात असले दहा-वीस किस्से आहेत, आणि ते सांगताना आजीचं हसू आवरत नाही. याच वाटेवर आपल्याला हटकणारे, शिव्या देणारे, निळे झेंडे बघून गाडी अडवणारेही भेटतात, तेही त्याच किस्स्यांत असतात. कॅमेरा आता पोरांच्या खिशात आहे. यंदाच्या गाडीत आजीच्या शेजारची जागा धरा आणि तो चालू ठेवा.